उंबरठ्याआतली हवा

परवा सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेले कपडे आत घेतले, तर नवऱ्याच्या शर्टाला जळक्या पाचोळ्याचा वास येत होता. मी तो शर्ट नाकाशी धरून जरा वेळ तशीच उभी राहिले. मग घरभर फिरून एकेक खिडकी लावत गेले. समोरच्या ब्लॉकमध्येही एक बाई तेच करत होती. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, पाहिलंच नाही असं दाखवलं आणि आपापल्या काचा सरकवल्या.

हेझ आला. समुद्रापलीकडे कुठेतरी जंगलं आणि दलदलीची जमीन जळत राहते आणि तिचा धूर वाऱ्याबरोबर आमच्या बेटावर येऊन बसतो. दर वर्षी येतोच असं नाही. येतो तेव्हा बहुधा भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास येतो, पुण्यात लोक पितृपक्ष उरकून नवरात्राच्या तयारीला लागलेले असतात तेव्हा. सिंगापूरमध्ये धुरालाही आकडा असतो. लोक सकाळी उठून आभाळाकडे न बघता फोनकडे बघतात आणि आकडा पाहिला की त्यांचा घसा खवखवायला लागतो. मीही त्यातलीच. मला खरं तर धुराचा एवढा त्रास होत नाही. त्रास होतो तो सूर्याकडे सरळ डोळे उघडून बघता येतं याचा. भर दुपारी एक फिकट लाल टिकली वर चिकटलेली असते आणि तिच्याकडे कितीही वेळ बघा, डोळ्यांना काही होत नाही. हे मला कधीच बरं वाटलेलं नाही.

आमचं घर बुकित पंजांगला, एलआरटीच्या रुळांना अगदी खेटून. ही बिनचालकाची छोटी गाडी इमारतींजवळ आली की तिच्या खिडक्यांच्या काचा आपोआप धूसर होतात, आतल्या माणसांना आमची घरं दिसू नयेत म्हणून. एरवी या सोयीचं मला कौतुक आहे. पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम खिडकीशी नेऊन दाखवते. पण हेझमध्ये बाहेर सगळंच पांढरट झालेलं असतं, त्यातून ती गाडी येते, आमच्यापाशी येऊन डोळे मिटून घेते आणि निघून जाते. आत कुणी बसलंय की नाही, कळत नाही. त्या वर्षी माझ्या सासूबाई तासन्‌तास खुर्ची टाकून त्या गाडीकडे बघत बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "आपल्यापाशी आल्यावरच का गं मिटते ती?" मी कारण सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं असं वाटलं नाही.

त्या वर्षी म्हणजे सासरे गेले त्याच्या पुढच्या आश्विनात. सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आल्या होत्या म्हणजे आम्ही आणल्या होत्या. पुण्याचा फ्लॅट बंद करून, किल्ली शेजारी देऊन. त्यांचं सामान थोडं होतं आणि त्यातलं बरंचसं देवाचं होतं. त्या भांडखोर नाहीत, रडूबाई तर मुळीच नाहीत. त्यांना बघून कुणाला वाटलं नसतं की या बाईच्या मनात एक हिशेब चाललाय. मला तो त्यांनी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, धान्य निवडता निवडता सांगितला.

"मागच्या वर्षी घट उगवलाच नाही," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून घालतेय. असं कधी झालं नव्हतं. माती नुसती ओली राहिली. वास यायला लागला तिला. आणि मग हे गेले."

मी म्हटलं, "आई, बी जुनं असेल."

"असेल. यंदा नवीन आहे. यंदा नाही उगवला तर मी समजेन की देवी काही माझ्याबरोबर विमानात बसली नाही. मग मी परत जाईन. तुम्ही दोघांनी मला अडवायचं नाही."

परत म्हणजे कुठे, तर त्या बंद फ्लॅटमध्ये, एकटीने. त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. संध्याकाळी मी मंदारला सांगितलं. तो नुसता "हं" म्हणाला. माझा नवरा "हं" म्हणाला की मी सावध व्हायला हवं, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

घट कुठे बसवायचा यावर आमच्यात चर्चा झाली नाही. सासूबाईंनी जागा आल्याआल्याच हेरून ठेवली होती. इथल्या सरकारी घरांमध्ये एक शेल्टर असतं. युद्धबिद्ध झालं तर घरातल्यांनी आत बसावं म्हणून बांधलेली जाड भिंतींची, लोखंडी दाराची, बिनखिडकीची इवलीशी खोली. प्रत्यक्षात तिथे सगळेजण सुटकेसेस आणि तांदळाची पोती ठेवतात. सासूबाईंना ती खोली बघताक्षणी आवडली. एक तर तिला उंबरठा होता. आमच्या फ्लॅटमध्ये दुसरीकडे कुठेही नाही. "गाभाऱ्यासारखी आहे," त्या म्हणाल्या, "वारा नाही, कुणाची नजर नाही, आणि तुमचा तो धूर पण येणार नाही." मंदारने पोती एका कोपऱ्यात रचली, भिंतीतली हवेची भोकं झाकणं लावून बंद केली आणि वर दिव्याची एक पांढरी नळी लावली. उजेडासाठी, म्हणाला.

मंदार चोआ चू कांगच्या पलीकडे एका शेतावर कामाला आहे. शेत म्हणायची पद्धत, एवढंच. खरं तर ते एक बंद गोदाम आहे. आत मजल्यावर मजले चढवलेली पालेभाजी, गुलाबी दिवे, माती नाही, किडा नाही, ऊन नाही. तो एकदा मला दाखवायला घेऊन गेला होता. तिथे पानांना कार्बन डायऑक्साइड देतात. बाहेरच्या हवेत असतो त्याच्या दुपटीहून जास्त. तेवढ्याने माणसाला काही होत नाही, पण पानं भराभर वाढतात. दारावर एक आकडा सतत दाखवणारं यंत्र होतं, आणि आकडा फार चढला तर भोंगा वाजणार होता. मी मधल्या वाटेत उभी राहिले. आपण टाकून दिलेला श्वास म्हणजे पानांचं जेवण, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं. पण तिथे दोन्ही बाजूंना हजारो पानं अजिबात न हलता उभी होती आणि मी श्वास सोडत होते, तेव्हा मला पहिल्यांदा असं वाटलं की माझ्याकडून काहीतरी घेतलं जातंय. मी मंदारला म्हटलं, "चल, बाहेर जाऊ." तो हसला. भाजी छान होती. घरी आणली होती, पण मला ती त्या दिवशी खाववली नाही.

घट बसला. नर्सरीतली माती, परडीत सात धान्यं, मधोमध मातीचं मडकं, शेजारी जमिनीवरच समई. लिटल इंडियातून मंदारने झेंडूच्या माळा आणल्या. सासूबाई पाटावर न बसता खाली फरशीवरच बसायच्या, वाकून पाणी शिंपायच्या, वाकूनच बोलायच्या घटाशी काहीतरी. धूर येऊ नये म्हणून लोखंडी दार ओढून घ्यायच्या.

आणि घट उगवला. उगवला म्हणजे काय, दुसऱ्या माळेलाच सगळीकडून कोंब वर आले, चौथ्या माळेपर्यंत मडकं बुडलं. माझ्या माहेरी मी घट पाहिलेत. अंधारात वाढलेले, पिवळट, नाजूक. हे तसे नव्हते. हे हिरवेगार, दाट होते, आणि त्यांच्याकडे पाहिलं की काल इथे एवढेच होते का, असा प्रश्न पडायचा. सासूबाईंच्या चेहऱ्यावर रंग आला. खरंच रंग आला. त्या शेल्टरमधून बाहेर यायच्या तेव्हा गाल लाल असायचे, कपाळावर घाम असायचा, आणि डोळ्यांत एक ओलसर चमक असायची. मी मंदारला म्हटलं, "आई बघ किती खूश आहेत." तो पुन्हा "हं" म्हणाला.

त्या दिवसांत घरात आणखी दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि मला दोन्ही दिसत होत्या. हॉलमधल्या माशांच्या टाकीत पाणवनस्पतींसाठी बुडबुडे सोडणारी नळी असायची, ती बंद होती. मला वाटलं, बिघडली असेल. आणि आमची मुलगी ईरा, जी एरवी आजीच्या मागेमागे असते, ती शेल्टरपाशी जाईना.

"का गं जात नाहीस? आजी प्रसाद देते ना?"

"डोन्ट वॉन्ट. समवन इज ब्रीदिंग इन देअर, लाह." वाक्याच्या शेवटी इथल्या मुलांचं ते "लाह".

"आजीच असेल."

"नो, मम्मा. आजी इज इन द किचन."

मी जाऊन दाराला कान लावला. फार बारीक आवाज होता. सतत येणारा, न थांबणारा, नुसता सोडलेला श्वास. घेतलेला श्वास त्यात नव्हता. मी इंजिनिअर आहे, दिवसभर लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. मी स्वतःला सांगितलं की पाइप असेल, वरच्या मजल्यावरचं पाणी असेल. मग सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला येतो ऐकू." एवढंच म्हणाल्या आणि कोथिंबीर निवडत राहिल्या.

सातव्या माळेच्या दिवशी मी घरूनच काम करत होते. ईरा शाळेत, मंदार शेतावर. दुपारी पाणी प्यायला उठले तर शेल्टरचं दार उघडं होतं आणि सासूबाई खाली वाकून काडी ओढत होत्या. समई विझलेली होती. अखंड दिवा विझणं ही त्यांच्या लेखी केवढी गोष्ट, हे मला सांगायला नको होतं. मी घाबरून म्हटलं, "आई, कधी विझला?"

"कालपासून विझतोय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मंदारला सांगू नकोस."

त्यांनी काडी पेटवली. छातीपाशी होती तोवर ती नीट जळत होती. त्या खाली वाकल्या. हात गुडघ्यांच्या खाली गेला आणि ज्योत काडीवरून उचलल्यासारखी वर झाली, अन्‌ गेली. वारा नव्हता. त्या खोलीत वारा यायला जागाच नव्हती. मी त्यांच्या हातून पेटी घेतली आणि दुसरी काडी पेटवली. तिचंही तसंच झालं, त्याच उंचीवर. मग मी समई उचलून पोत्यांवर ठेवली, पेटवली. पेटली. तशीच हळूहळू खाली आणली. वातीवरची ज्योत त्याच अदृश्य रेषेपाशी आली, ताणली गेली आणि नाहीशी झाली. त्या रेषेखाली कोंब होते, गुडघाभर उंच वाटत होते, अगदी हिरवे आणि अगदी स्थिर.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण त्या वेळी मला एवढंच कळलं की या खोलीत खालच्या बाजूला काहीतरी भरलंय आणि त्याला दिवा नकोय.

मी सासूबाईंना बाहेर आणलं, खुर्चीवर बसवलं आणि मंदारला फोन लावायला बेडरूममध्ये गेले. त्याने उचलला. मी सगळं सांगितलं. मग तो इतक्या हळू आवाजात बोलला की मला आधी ओळखूच आला नाही.

"मेधा, आई कुठे आहे?"

"हॉलमध्ये."

"बघ."

खुर्ची रिकामी होती. शेल्टरचं दार ओढून घेतलेलं होतं. फोनमधून मंदार म्हणत होता, श्वास रोखून आत जा, आत श्वास घेऊ नकोस, तिला बाहेर ओढ. मी दार उघडलं. सासूबाई फरशीवर बसल्या होत्या, पुढे वाकून, कपाळ कोंबांना टेकलेलं. त्यांचा श्वास जोरात चालला होता, डोंगर चढून आलेल्या माणसाचा चालतो तसा. मी त्यांच्या काखेत हात घातले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेहरा लालभडक होता आणि त्या हसत होत्या.

"नको गं," त्या म्हणाल्या. "थांब जरा. हे आत्ता कुठे आलेत."

त्यांनी एका हाताने दाराची चौकट घट्ट धरली होती. मला ती बोटं एकेक करून सोडवावी लागली. माझ्या छातीत तोवर आग पेटली होती आणि शेवटी उंबरठ्याशी मी एक श्वास घेतलाच. त्या हवेला आंबूस चव होती. कानांत ठोके पडायला लागले आणि क्षणभर मला पक्कं वाटलं की माझ्या मागे, भिंतीशी, कुणीतरी बसलंय. मी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना फरफटत हॉलमध्ये आणलं आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेरचा धूर आत आला. ती जळकी, घाणेरडी हवा आम्ही दोघी फरशीवर पडून पोटभर घेत राहिलो.

मग अँब्युलन्स आली, ऑक्सिजन लावला, आणि त्या बऱ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. मंदारने माशांच्या टाकीचं कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर पोत्यांमागे दडवलं होतं, शेतात करतात तसं कोंबांना थोडा थोडा गॅस मिळावा म्हणून. आईचा घट काही करून उगवावा आणि आईने इथेच राहावं, एवढाच त्याचा डाव. पोती सरकवताना कधीतरी सिलिंडरच्या जोडाला धक्का बसून गळती सुरू झाली असावी. हा गॅस हवेपेक्षा जड. उंबरठा आणि लोखंडी दार, दोन्हींनी मिळून त्याला घागरीतल्या पाण्यासारखं धरून ठेवलं. शेतात भोंगा होता. घरात समई होती, आणि ती तिचं काम करत होती. ते तिचं काम आहे हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

मंदार बरेच दिवस आईसमोर मान वर करत नव्हता. एकदा मला म्हणाला, "गॅस नसता तरी उगवले असते ते. पहिले काही दिवस कोंब बियातल्या अन्नावरच जगतात. मला माहीत होतं हे. मी रोज हेच काम करतो. तरी भीती वाटली." मलाही वाटली असती.

सासूबाईंना त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, गॅस जड म्हणजे कसा, हेही विचारलं. दसऱ्याला त्यांनी कोंब उपटले, पण कुणाच्या कानावर ठेवले नाहीत. खाली नेऊन झाडाच्या मुळाशी ठेवले. परत जायचं मात्र त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या चौकट धरून काय म्हणाल्या, हेही मी मंदारला सांगितलेलं नाही. आई बेशुद्ध होत होत्या, एवढंच सांगितलं. आता इतक्या वर्षांनी शेल्टरमध्ये पुन्हा सुटकेसेस आहेत. भिंतीतली भोकं उघडी आहेत. मी तिथून काही काढायला गेले की दाराला स्टूल लावून ठेवते, आणि तरीही खाली वाकताना नकळत श्वास धरते.

आज घटस्थापना. घट हॉलमध्ये बसवलाय, टेबलावर, सगळ्यांच्या येण्याजाण्यात. खिडक्या बंद आहेत, हवा शुद्ध करणारं यंत्र घुरघुरतंय. ईरा आता मोठी झाली आहे, कानात काहीतरी घालून बसलेली असते, पण माती तिने चाळून दिली. मी समईत तेल घालत होते आणि सासूबाई वात वळत होत्या. काय वाटलं कुणास ठाऊक, इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारून टाकलं.

"आई, तेव्हा दिवा विझतोय हे माहीत असून तुम्ही परत आत का गेलात?"

त्यांनी वात पुरी केली. तळहातावर ठेवून पाहिली.

"खाली वाकलं की छातीत धडधडायचं," त्या म्हणाल्या. "कान तापायचे. ह्यांच्या पायांचा जिन्यावर आवाज आला की लग्न नवं असताना व्हायचं ना, अगदी तसं. आणि मग शेजारी कुणीतरी बसायचं. दिवा विझला की लवकर यायचे."

"तो गॅस होता, आई."

"माहितेय गं. इतकी काही अडाणी नाही मी. मंदारने सांगितलं तेव्हाच पटलं."

बाहेरून एलआरटी गेली. आम्ही दोघींनीही तिकडे बघितलं नाही.

"आता भीती वाटते त्या खोलीची?" मी विचारलं.

"नाही वाटत. तीच तर भानगड आहे." त्यांनी वात समईत घातली, तेलात बुडवून वर काढली, टोकाला पीळ दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुन्हा कधी मी अशी कुठे जाऊन बसले, तर बाहेर ओढ मला."

"ओढीन."

"मी नको म्हटलं तरी."